जावेचं दूध

आईकडून बाळाला एचआयव्ही कसा जातो आणि तो वाटेत कसा अडवायचा, हे माझं गेल्या कित्येक वर्षांचं काम. अहेरीला तपासणी आम्ही मुद्दाम आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवतो. बायका भाजीखाली गोळ्या लपवून नेतात. कुणी काही विचारत नाही.

त्यांतली एक कधीच चुकली नाही. गरोदरपणभर गोळ्या वेळेवर. रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरला नव्हता. बाळंतपण दवाखान्यात झालं, बाळाला लगेच औषध सुरू केलं. गोळ्या चालू ठेवून बिनधास्त अंगावर पाज, असं तिला बजावलं होतं. दीड महिन्यानं बाळाचं रक्त पाठवलं. अहवाल पॉझिटिव्ह आला.

"गोळी चुकली का कधी?"

"एकबी नाई, डॉक्टरबाई. अन् दूध तं म्या पाजलंच नाई."

"मग कोण पाजतं?"

"जाऊ. तिचंबी लेकरू अंगावर हाये. मले दूधच येऊन नाई राह्यलं, असं सांगतलं तिले." मग हळूच म्हणाली, "तुमी सांगतलं होतं, पन भेव वाटे."

जाऊ बाहेर बाकावर होती, तिचं लेकरू शेजारी निजलं होतं. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पाजणाऱ्या बाईची तपासणी करावी लागते, एवढंच मी सांगितलं. ती हसली. "काढा न रक्त. दोन-दोन लेकरं पिऊन राह्यले, उरलं असन तं भेटन."

अर्ध्या तासात निकाल आला, तोही पॉझिटिव्ह. तिच्या गरोदरपणातली तपासणी स्वच्छ होती. लागण त्यानंतरची. नव्या लागणीत विषाणू सर्वांत जास्त असतो आणि दुधातून जातो. हे मी शिकवते, त्यावर लिहिते. पण पुढच्या खेपेला काय वेगळं सांगायचं, ते मला सुचेना. सगळं तर सांगून झालं होतं.

एकीचा निकाल दुसरीला सांगायचा नाही असा नियम, त्यामुळे जावेचा निकाल आईला सांगणं मला शक्य नव्हतं. तिनं माझ्या तोंडावरून ओळखलं.

"माहंच पाजलं असतं तं?"

"तुझ्या दुधानं बहुतेक काही झालं नसतं."

ती रडली नाही. बाळ मात्र भुकेनं रडू लागलं.

"आन वो इकडं त्याले!" बाहेरून जावेचा आवाज आला. "काऊन रडवून राह्यली?"

आई जागची हलली नाही. मी दार उघडलं. जाऊ पदर सावरत, हात पुढे करून उभीच होती.

"तुम्ही आत या," मी म्हणाले. "तुमचं लेकरूही घेऊन या."