न बोलावता आलेले

फिनबार ट्वोमी मास्तरांना मयताला जायची भारी हौस. आयर्लंडमधल्या गॉलवेपासून अर्ध्या तासावरच्या किलटोरन गावात कुणी गेलं, की मास्तर काळा कोट चढवून पहिल्या रांगेत हजर. ज्ञानेशला ते पहिल्यांदा भेटले तेही अशाच कामासाठी. नागपूरचा हा पोरगा गॉलवेत स्टेंट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. २०१६ साली बायकोला, केतकीला घेऊन तो मास्तरांच्या शेजारच्या घरात राहायला आला. खोकी अजून उघडायची होती, तोच दार वाजलं.

"कोट घाल," मास्तर म्हणाले. "मार्टी फाहीची आई गेली."

"पण मी त्यांना ओळखतसुद्धा नाही."

"आता ओळखून त्यांना काय उपयोग? मागे राहिलेल्यांचा हात हातात घ्यायचा, वाईट झालं म्हणायचं, सँडविच खायचं आणि यायचं. जमेल ना?"

ज्ञानेशला जमलं. रांगेत उभा राहून त्याने अनोळखी माणसांचे खरबरीत हात हातात घेतले, आणि त्या एका दुपारी गावातली निम्मी माणसं त्याला नावाने ओळखू लागली. ऑफिसात वर्षभर कॉफी पिऊनही त्याला हे साधलं नव्हतं.

त्या गावात कबर खणायला मजूर लावत नाहीत. शेजारीपाजारीच खणतात. आपल्याकडे खांदा देतात, तोच मान. दफनाच्या वेळी दफनभूमीच्या भिंतीशी मास्तर हात मागे बांधून उभे होते, आणि पलीकडे मार्टी आणि इतर शेतकरी फावडी पुसत होते.

"तुम्ही नाही खणत?" ज्ञानेशने विचारलं.

"मला कुणी कधी बोलावलं नाही," मास्तर सहज म्हणाले. "मी कॉर्कचा, दुसऱ्या जिल्ह्यातला. इथे येऊन चाळीस वर्षं झाली म्हणून काय झालं? ब्लो-इन तो ब्लो-इनच."

ब्लो-इन म्हणजे वाऱ्यावर उडत आलेला, उपरा. हे मास्तरांनी हसत सांगितलं. पण त्यांची नजर फावड्यांवरून हलेना, ते ज्ञानेशच्या लक्षात राहिलं.

मास्तर होतेच लक्षात राहण्यासारखे. गावातल्या शाळेत त्यांनी लॅटिन आणि ग्रीक शिकवलं. पुढे शाळेने ग्रीक बंद केलं, तर मास्तरांनी ते स्वतःच्या स्वयंपाकघरात चालू ठेवलं. गुरं राखणारी पोरं संध्याकाळी शेणाने माखलेले बूट दाराबाहेर काढून आत बसत आणि अडीच हजार वर्षांपूर्वीची क्रियापदं चालवत. फी म्हणून कुणी अंडी आणून दिली, तर मास्तर त्याच अंड्यांचं ऑम्लेट करून त्याच पोराला खाऊ घालत. लग्न केलं नाही. आधी आईचं आजारपण काढलं, मग बहिणीचं. त्या दोघी गेल्यावर रक्ताचं म्हणावं असं कुणी उरलं नाही. आणि या सगळ्यात ग्रीस राहूनच गेलं. आयुष्यभर ज्या मैदानाबद्दल शिकवलं, ते मॅरेथॉन त्यांनी पाहिलंच नव्हतं. चहाला गेलं की ते टेबलावर तिथली अथेन्स आणि इराणची लढाई मांडत. किटली म्हणजे डोंगर, बिस्किटं म्हणजे अथेन्सची फौज, आणि सांडलेलं दूध म्हणजे समुद्र.

ज्ञानेशने वर्षभर ती बिस्किटं पाहिली. मग डॉक्टर म्हणाले, मास्तरांचं हृदय थकलंय. त्याच संध्याकाळी ज्ञानेशने तिकिटं काढली. कौतुक करावं तर याचंही करावं. स्वतःच्या सासऱ्यांना ताजमहाल दाखवायचं तो तीन वर्षं टाळत होता, हे केतकीने त्याला तिथल्या तिथे ऐकवलं. पण मास्तरांच्या बॅगेत गरम बनियन तिनेच घातलं.

२०१७च्या ऑक्टोबरात ज्ञानेश आणि मास्तर मॅरेथॉनला पोचले. सपाट मैदान, ऑलिव्हची झाडं आणि मधोमध गवताने भरलेला मातीचा मोठा ढीग. शाळेच्या सहलीला आलेल्या मुलांनी पाहून "एवढंच?" म्हणावं, असा. मास्तरांनी टोपी काढली.

"अथेन्सवाले आपले मेलेले सैनिक एरवी शहरात नेत," ते म्हणाले. "यांना मात्र जिथे पडले तिथेच ठेवलं. इथेच चिता रचली, जाळलं आणि राखेवर माती लोटली."

"जाळलं?" ज्ञानेश चमकला. "म्हणजे आमच्यासारखंच की!"

"तुमच्यासारखंच. वर जेवण ठेवलं होतं. अंड्यांची टरफलं आणि पाखरांची हाडं सापडलीत खणताना."

ज्ञानेशला आजोबांचा दहावा दिवस आठवला. नदीकाठी पानावर वाढलेला भात आणि कावळ्याची वाट बघत ताटकळलेले काका. इतका वेळ ते परक्याचं मैदान होतं. आता त्याने बूट काढले आणि हात जोडले. राखणदार बाई बघत राहिल्या.

एवढं झाल्यावर परत फिरायला हरकत नव्हती. पण मास्तरांना अजून एक ठिकाण हवं होतं. डोंगराच्या पायथ्याशी दुसरा ढीग आहे, लहानसा, दगडगोट्यांचा. टॅक्सीतून उतरल्यावर त्यांना धाप लागली, तरी ज्ञानेशचा दंड धरून ते तिथवर गेलेच.

"हे प्लातेयाचे लोक," ते म्हणाले. "छोटं गाव, लांबचं. अथेन्सवर संकट आलं आणि बाकी सगळे विचार करत बसले. हे आपले होते नव्हते तेवढे पुरुष घेऊन आले आणि शेजारी उभे राहिले. पुढे अथेन्सवाले देवापाशी स्वतःसाठी मागणं मागायचे, तेव्हा यांच्यासाठीही मागायचे."

"पण मास्तर, फलकावर लिहिलंय की हा ढीग नक्की त्यांचाच का, यावर वाद आहे."

"तो वाद मी तुझ्या जन्माआधीपासून शिकवतोय. आज मला वाद घालायचा नाही." मास्तर दगडावर बसले. खाली बघतच म्हणाले, "बघ, उपरे होते. पण त्यांच्यासाठी कुणीतरी खणलं. माझ्यासाठी कोण खणणार, हा विचार मला हल्ली येतो. पैसे देऊन माणसं मिळतात. पण भाड्याने खणलेल्या खड्ड्यात जायचं माझ्या जिवावर येतं रे."

"मी आहे ना," ज्ञानेश म्हणाला.

मास्तरांनी त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. "ग्रँड," म्हणाले. "मग झालं."

पुढच्या वसंतात, एका शनिवारी, मास्तर खुर्चीतच गेले. मांडीवर पुस्तक होतं आणि चहा निम्मा प्यायलेला. दफन मंगळवारी ठरलं.

रविवारभर ज्ञानेश फोनकडे बघत बसला. आज कुणीतरी बोलावेल, कबरीचं काय ते ठरवेल. कुणीच बोलावलं नाही. संध्याकाळी मार्टी ट्रॅक्टरवरून गेला, स्टिअरिंगवरचं एक बोट वर करून नेहमीसारखा नमस्कार केला आणि निघून गेला. म्हणजे मास्तर म्हणत होते ते खरंच होतं. चाळीस वर्षं गावाची पोरं शिकवली, आणि शेवटी उपरा तो उपराच.

सोमवारी सकाळी त्याने रजा टाकली आणि बागेतलं फावडं काढलं. बागेत त्याने आजवर कोथिंबिरीपलीकडे काही लावलं नव्हतं.

"बोलावलंय का तुला?" केतकीने विचारलं.

"नाही."

"एकट्याने जमेल?"

"नाही जमणार. पण कबूल केलंय."

केतकीने आलं ठेचलं आणि घरातला सगळ्यात मोठा थर्मास चहाने भरून त्याच्या हातात दिला.

दफनभूमीच्या फाटकाशी चिखलाने माखलेल्या गाड्यांची रांग लागली होती. आत मार्टी कमरेइतका खड्ड्यात उभा. भोवती अर्धं गाव. त्यांतले कितीतरी जण मास्तरांच्या स्वयंपाकघरात क्रियापदं चालवून गेलेले, आता टक्कल पडलेले बाप्ये.

"आलास?" मार्टीने घाम पुसला. "सोमवारी नवी कबर उघडत नाहीत, अशुभ असतं. म्हणून काल संध्याकाळीच येऊन गवताची चार ढेकळं काढून ठेवली, म्हणजे कबर रविवारीच उघडल्यासारखी. तुझी वाट बघितली आम्ही."

"मला कुणी बोलावलंच नाही," ज्ञानेश म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले, जणू तो काहीतरी विचित्रच बोलला.

"कबरीला कुणाला बोलावतात होय?" मार्टी म्हणाला. "माझ्या आईच्या वेळी मी कुणाला बोलावलं होतं? ज्याला आपलं वाटतं तो येतो."

ज्ञानेश हातातल्या फावड्यावर टेकला. भिंतीशी हात मागे बांधून उभे असलेले मास्तर त्याला दिसले.

"मास्तर..." तो अडखळला. "मास्तर चाळीस वर्षं बोलावण्याची वाट बघत होते."

मार्टीने फावडं मातीत रोवलं.

"आणि आम्हाला वाटायचं," तो म्हणाला, "एवढा शिकलेला माणूस, त्याला चिखल कशाला."

मग तो वर आला. त्याने ज्ञानेशच्या हातातलं बागेचं फावडं काढून बाजूला ठेवलं, आपलं लांब दांड्याचं त्याला दिलं आणि हात धरून त्याला खाली उतरवलं.