गिरणीतून हरवलेले सासरे

आमच्या भातगिरणीतून आजवर एकच गिऱ्हाईक हरवलं, आणि ते माझे होणारे सासरे होते.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं, आमचं गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं आणि मी वडिलांच्या, म्हणजे बाबूजींच्या, गिरणीत होतो. कामाला होतो असं मी म्हणत असे. बाबूजी पाहुण्यांना "हा इथं उभा राहतो," एवढंच सांगत! खेड्यांतून लोक बैलगाड्यांनी धान भरडायला येत. समोरच्या गिरणीत एका गिऱ्हाइकाचा कासरा हरवला आणि तेव्हापासून बाबूजींना जोर चढला. गाडी आवारात शिरली की ते गादीवरूनच ओरडत, "बेफिकर राहा! गाडी, बैल, पोती, चाबूक, पूरी जिम्मेदारी आपली!" ही पूरी जिम्मेदारी म्हणजे मी. बैल सोडायचे, पाणी पाजायचं, बांधायचे आणि जाताना पुन्हा जुंपून द्यायचे.

त्या दिवशी आमगावच्या रस्त्यावरच्या एका गावचे धनलालजी पाटील आठ पोती धान घेऊन आले. दुसरी गिरणी त्यांना जवळही होती. पण त्यांच्या घरी लग्नाची लेक होती आणि आमच्या घरी मी होतो! मुलगा परस्पर पाहून यावा म्हणून ते एकटेच गाडी हाकत आले होते. आपण धान भरडायला आलो असं ते सांगत होते आणि आम्ही ते खरं मानत होतो. रीतच तशी. मुलीला मी एका लग्नाच्या पंगतीत वाढताना पाहिलं होतं. तिनं माझ्या पानात न मागता दुसरा लाडू टाकला, आणि त्यानंतर माझं कशातच मन लागेना. हे स्थळ जाऊ नये म्हणून त्या सकाळी मी दोनदा दाढी केली.

"तू काय काम करतोस गा बापू?" धनलालजींनी मला विचारलं.

"गिऱ्हाइकांचे बैल पाहतो, काकाजी."

"पारख हाय का बैलाची?"

"एकदा पाहिलेला बैल मी जन्मात विसरत नाही!" (हे वाक्य मला कोणत्या मुहूर्तावर सुचलं, देव जाणे.)

धनलालजी खूश झाले. आईनं त्यांना घरी जेवायला बोलावलं आणि लग्न जमवायचं ते वाढण्यातच, अशा जिद्दीनं वाढलं. वडे झाले, तुपाची धार झाली, खीर तीनदा झाली. परत आले तेव्हा पाटलांचे डोळे मिटत होते. तांदळाची पोती गाडीत चढली होती. मी लगबगीनं बैल जुंपायला धावलो.

आता आवारात पांढऱ्या बैलांच्या दोन जोड्या होत्या. एक धनलालजींची. दुसरी मुर्री गावच्या बकारामजींची, ते गाडी सोडून बाजारात गेले होते. त्या वर्षी पोळ्याच्या वेळी बाजारात शिंगांचा निळाच रंग आला होता, त्यामुळे दोन्ही जोड्यांची शिंगं निळी! मी दाव्यांकडे न पाहता, एखाद्या पैलवानासारखा, एक जोडी ओढली आणि झटक्यात जुंपून दिली.

"शाबास!" असं म्हणून धनलालजी पोत्यांवर आडवे झाले आणि कांबळं डोक्यावरून ओढून घोरू लागले. तेव्हा घरी जाताना गाडी कोणी हाकत नसे. बैलांना घर ठाऊक असे.

गाडी फाटकाबाहेर पडली आणि आमगावच्या रस्त्याला न लागता उलटी वळली.

"पाटील मुर्रीकडे कायले चालले?" बाबूजींनी विचारलं.

"काही काम असेल."

"काम कसलं! तुझी चौकशी करायला चालले." बाबूजी गंभीर झाले. "मुर्रीत आपले दुश्मन कोण कोण आहेत रे?"

आम्ही दोघं बोटांवर दुश्मन मोजत बसलो. दुसऱ्या हाताच्या करंगळीपर्यंत आलो असू, तोच बकारामजी आले.

"माहे बैल कुठी हायेत?"

"हे काय समोर!"

"हे माहे नोहोत."

"नीट पाहा, काका."

"अरे पोट्ट्या, ज्यायले लहानाचे मोठे केलो त्यायले मी ओरखत नाही का? माहे बैल कोणाची गाडी घेऊन गेले?"

बाबूजींचा चेहरा तांदळासारखा पांढरा पडला. तरी ते गिरणीमालक होते. हिशेब त्यांना लगेच सुचला. "पाटलांचे बैल इथं आहेत. बकारामजींचे बैल स्वतःच्या घरी निघालेत. पोती त्यांच्या गाडीत आहेत. म्हणजे गिऱ्हाइकाचं काहीच हरवलं नाही. हरवले ते फक्त पाटील! पाटलांची जिम्मेदारी आपण कधी घेतलीच नव्हती!" मग एकदम भानावर येऊन ओरडले, "उभा काय राहिलास? जा, तुझे सासरे शोधून आण!"

मी सायकल काढली. बकारामजी मागे बसले आणि वाटभर जिभेनं चक् चक् करत मला हाकत राहिले. (वळणावर त्यांनी पाठीवर एक थापही मारली.)

तिकडे बैल सरळ बकारामजींच्या अंगणात जाऊन गव्हाणीशी उभे राहिले होते. काकू बाहेर आल्या. गाडीत कांबळ्याखाली नवरा घोरताना पाहून त्यांचा पारा चढला. "आज मंग पिऊन आले काऊन?" म्हणत त्यांनी थंडगार पाण्याची बादली उपडी केली!

आम्ही पोचलो तेव्हा धनलालजी गाडीत उभे होते. मिशांतून पाणी गळत होतं. काकूंनी पदर तोंडात कोंबला होता.

"गाव कोनतं?" धनलालजींनी विचारलं.

"मुर्री."

"अना बैल?"

"माहे," बकारामजी म्हणाले.

"मंग मी कोनाचा?"

धनलालजींनी मला पाहिलं. "काऊन गा बापू, एकदा पाह्यलेला बैल विसरत नाही म्हनत होतास ना?"

मी त्यांचे पाय धरले. "चुकलो, काकाजी. जे नुकसान झालं असेल ते गिरणी भरून देईल."

"नुकसान होऊन नाही राहिलं, टळून राहिलं! अर्ध्या दिवसासाठी देल्ले बैल तुले सांभाळता आले नाही. जन्मभरासाठी पोरगी कशी देऊ?"

खरं सांगतो, रडायलाच आलं. त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं, हेच जास्त लागलं. तेवढ्यात बकारामजींच्या थोरल्या मुलानं मुकाट्यानं बैल सोडले, शेकोटी पेटवली आणि पाटलांना कोरडं धोतर आणून दिलं.

धनलालजींनी धोतर नेसता नेसता त्याला खालून वरपर्यंत पाहिलं. "हा कोन?"

पुढचं काय सांगू! फाल्गुनात लग्न झालं. आमंत्रण आलं, मी गेलो, जेवलोही. या वेळी पानात एकच लाडू पडला.

पुढच्या हंगामात ती मुर्रीची सून म्हणून नवऱ्याबरोबर गिरणीत आली. धान भरडून झाल्यावर तिनं स्वतःच्या हातानं बैल जुंपले. मग माझ्यासमोर येऊन, डोक्यावरचा पदर सावरून, मनापासून हात जोडले.

"भाऊजी, तुमचे मोठे उपकार हायेत. त्या दिवशी तुम्ही बरोबर बैल जुंपले असते, तं आज मी तुमच्या घरी राहिली असती!"

गिरणीतल्या माझ्या कामावर खूश होऊन गेलेलं ते पहिलं गिऱ्हाईक.