कोपऱ्यातली नसलेली पिन

गोखिवऱ्याच्या एका छोट्या कारखान्यात मी स्विचबोर्ड तपासायचं काम करतो. वायरीतलं मला कळतं असं गल्लीत सगळे मानतात. मीही मानत होतो. म्हणून दोन वर्षांपूर्वी घरच्या जुन्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला तेव्हा तो कुणाकडे न देता मी स्वतः एक वापरलेला बोर्ड आणला आणि रविवारी जेवणानंतर कॅबिनेट आडवं पाडून हॉलमध्ये बसलो.

कॉम्प्युटर बायकोला हवा होता. ती शाळेत शिकवते. पापडीला तिची मावशी राहायची, जिने तिला लहानपणापासून सांभाळलं. आमच्या ख्रिस्ती लोकांच्या लग्नांत बायका गातात त्या गाण्यांतली कितीतरी आता फक्त मावशीलाच पूर्ण येत होती. बायको दर रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की स्कूटर काढून पापडीला जायची, मावशीपुढे मोबाइल ठेवायची आणि तिला गायला लावायची. मोबाइल भरला की सगळं एका पेन ड्राइव्हवर टाकून मोबाइल मोकळा करायची. मावशीला त्याची गंमत वाटे. "मी एवढ्याशा डबीत मावते, तर मला ताटभर भात कशाला वाढतेस गं?" असं ती आमच्या घरच्या बोलीत म्हणायची. इथे साध्या मराठीत लिहितो आहे.

ही गाणी ऐकून कॉम्प्युटरवर लिहून काढायची, असं बायकोच्या मनात होतं.

आमचं कॅबिनेट फार जुनं. त्याच्या पुढच्या दोन यूएसबी पोर्टांच्या वायरी हल्लीसारख्या एका ठोकळ्यात बांधलेल्या नव्हत्या. प्रत्येक पोर्टाच्या चार वायरी सुट्या: लाल, पांढरी, हिरवी, काळी. बोर्डावर त्यांच्यासाठी पिनांच्या दोन ओळी असतात आणि एका कोपऱ्यातली पिन मुद्दाम ठेवलेली नसते. जोडणी कुठल्या टोकाने करायची ते त्या रिकाम्या जागेवरून ओळखायचं. लाल वायर रिकाम्या कोपऱ्यापासून लांबच्या टोकाला जाते. मी ती जवळच्या टोकाला लावली. मला वाटलं, रिकामा कोपरा म्हणजे सुरुवात. बाकीच्या तीन तिच्यामागून ओळीने लावल्या. दुसऱ्या पोर्टाचंही तसंच. बोर्डावर बारीक अक्षरं छापलेली होती, पण चष्मा आतल्या खोलीत होता आणि मला उठायचा कंटाळा आला.

म्हणजे पाच व्होल्ट जिथे यायला हवेत तिथे अर्थिंग आलं आणि अर्थिंगच्या जागी पाच व्होल्ट. कारखान्यात कुणी असं केलं असतं तर मी त्याला सगळ्यांसमोर झापलं असतं.

कॉम्प्युटर सुरू झाला. कीबोर्ड मागच्या पोर्टात चालत होता. पुढच्या पोर्टात एक जुना माउस लावून पाहिला. त्याचा दिवा लागला नाही. काढला तेव्हा तो हाताला कोमट लागला. हे मला नक्की आठवतं, कोमट लागला होता. मी म्हणालो, माउसच मेलेला दिसतोय, आणि तो कचऱ्यात टाकला. मग बायकोला हाक मारली, "झालं गं, ये."

ती हात पुसत आली आणि तिने पेन ड्राइव्ह पुढे लावला. स्क्रीनवर काहीच आलं नाही. तिने तो काढला, परत लावला, परत काढला. मग मागे लावून पाहिला. तिथेही काही नाही.

"असं कसं झालं?" ती म्हणाली. "काल शाळेत तर चालत होता."

"शाळेत काढताना इजेक्ट केला होतास का?"

"घंटा झाली होती. घाईत ओढला असेन."

"मग काय," मी म्हणालो.

हे दोन शब्द मी तेव्हा खोटे म्हणून बोललो नव्हतो. खोटं चार दिवसांनी सुरू झालं. गोखिवऱ्यात कारखान्याजवळ एक रिपेअरवाला बसतो. त्याच्याकडे मी पेन ड्राइव्ह घेऊन गेलो. त्याने तो उघडला, भिंगाखाली धरला आणि म्हणाला, "अंकल, उलटी सप्लाय दिली कोणी? मेमरीची चिपपण उडाली. आता देवाचं नाव घ्या." मी घरी आलो. बायको अजून शाळेतून यायची होती. मी कॅबिनेट उघडलं, चष्मा लावला आणि बोर्डावरची अक्षरं वाचली. मग आठही वायरी काढून बरोबर लावल्या. नवीन पेन ड्राइव्ह घालून पाहिला, चालला. ती आल्यावर तिला एवढंच सांगितलं की गाणी परत मिळणार नाहीत.

ती रडली नाही. म्हणाली, "माझीच चूक. मुलांना रोज सांगते, नीट काढा म्हणून."

सांगायला तीच वेळ होती. मी चहा ठेवला.

पुढे तिचं पापडीला जाणं कमी झालं. आधी महिन्यातून एकदा, मग फक्त सणाला. मी समजलो शाळेत काम वाढलंय. खरं सांगायचं तर समजून घ्यायचंच नव्हतं. नाताळच्या आधी मी पापनिवेदनाला गेलो आणि फादरना हे सांगितलं. ते म्हणाले, "देव क्षमा करतो. पण मला सांगून तुमच्या बायकोचं काय भलं होणार? आधी घरी सांगा." मी हो म्हणालो आणि सांगितलं नाही. त्यानंतर मिस्सात सगळे ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठले की मी बाकावर बसून राहायचो; मन साफ नसताना तो घ्यायचा नसतो. आमच्या गावात हे लोकांच्या नजरेत येतंच. बायको माझ्याकडे बघायची, विचारायची मात्र नाही.

मग मावशीला अर्धांगवायू झाला. वाचा गेली. बायको पुन्हा रोज जाऊ लागली. भरवायची, केस विंचरायची. मावशी नुसती बघत राहायची. या पावसाळ्यात ती गेली.

दफनानंतर मावशीच्या घरी बायका बसल्या होत्या. एकीने बायकोला म्हटलं, "तू सगळं रेकॉर्ड केलं होतंस ना? लाव की थोडं. आवाज तरी ऐकू."

"माझ्या हातून गेलं ते," बायको म्हणाली. "काढताना घाई केली मी."

मी दारात खुर्च्या लावत होतो. एवढ्या लोकांसमोर तिने माझी चूक आपल्या नावावर सांगितली आणि मी पुढची खुर्ची उघडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, भुईगावच्या आमच्या घरी, ती चवळीच्या शेंगा मोडत होती तेव्हा सगळं सांगितलं. वायरी, माउस, रिपेअरवाला, सगळं. ती शेंगा मोडत राहिली.

"तुला कधी कळलं?"

"त्याच आठवड्यात."

तिने हात थांबवले. "मावशी दर वेळी म्हणायची, माझी गाणी मला ऐकव ना. पहिल्यांदा सांगितलं, फोन घरी राहिला. मग चार्जिंग नाही. मग काय सांगायचं ते सुचेना, आणि माझ्या हातून गेली, परत गा, असं म्हणायला तोंड नव्हतं. म्हणून जाणंच टाळत राहिले. वर्षभर. तिची वाचा जाईपर्यंत."

मला हे माहीत नव्हतं. दोन वर्षं मी गाण्यांचं ओझं वाहत होतो. मावशी बोलतीचालती होती ते शेवटचं वर्षही मी बायकोकडून हिरावून घेतलं, हे मला त्या दुपारी कळलं.

"मी तुझी माफी—" मी सुरुवात केली.

"गाणी गेली ते मी समजू शकते," ती म्हणाली. "चूक कुणाचीही होते. पण ते वर्ष—"

ती शेंगांचं ताट घेऊन आत गेली. त्यालाही आता तीन आठवडे झाले. आमचं बोलणं चालू आहे. गॅस संपला, लाइट कधी येणार, उद्या लवकर निघायचंय. रविवारी ती एकटीच पापडीला जाते, कबरीवर. मी येऊ का, असं एकदा विचारलं. नको म्हणाली.