वच्छलाबाईंचं मीठ

पुंडलिकनगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या समोरच्या दारात सुरेखाबाई राहतात. त्यांच्या हातच्या कण्यांवर मी कितीतरी दुपारी काढल्या आहेत, त्यामुळे त्यांच्याबद्दल चार शब्द बोलायचा मला हक्क आहे. ज्वारी जाडसर भरडली की झाल्या कण्या. जिरं-कढीपत्त्याची फोडणी, त्यात गाजर, फ्लॉवर, वांगं, मूठभर शेंगदाणे, वरून भाजक्या धान्याचा न् मसाल्याचा घरचा येसर. पाणी खळखळलं की कण्या सोडायच्या आणि मऊ होईपर्यंत झाकून ठेवायच्या. सुरेखाबाईंचे डबे उस्मानपुऱ्यातल्या होस्टेलला जातात, तिथल्या मुली ह्याला 'मिलेट बाऊल' म्हणतात. म्हणू देत बापड्या.

सुरेखाबाईंच्या सासूला, वच्छलाबाईंना, ह्याचं भारी नवल वाटायचं. "दुष्काळात आम्ही रडत खाल्लं, न् ह्या पोरी हौसंनं खात्यात," असं म्हणून त्या बोळक्या तोंडानं हसायच्या. बाई फर्दापूरकडच्या. ओट्याशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून हिरड्यांना भाजक्या तंबाखूची मिस्री लावत बसायच्या आणि सुनेला हैराण करायच्या. गाजर जाड का चिरलं, गॅस मोठा का ठेवला, ओट्यावर पाणी का सांडलं. लग्न होऊन आल्यापासून सुरेखाबाईंनी हेच ऐकलं. मला ती म्हातारी आवडायची नाही, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये हे ठाऊक असूनही सांगते.

त्या घरात देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी चव बघत नाही. त्यामुळे मिठाचा अंदाज वासावर. सुरेखाबाईंनी झाकण काढलं की वच्छलाबाई मान पुढे करून वाफ हुंगायच्या आणि म्हणायच्या, "कमी हाय. टाक." रोज कमीच निघायचं, कारण सुरेखाबाई मुद्दामच हात आखडता घ्यायच्या. "आत्याबाईला बोलायला कायतरी ठिवावं लागतंय, नायतर दिवसभर रुसून बसत्यात," असं त्यांनीच मला एकदा डोळे मिचकावत सांगितलं होतं.

गेल्या श्रावणात वच्छलाबाई दुपारच्या झोपेतच गेल्या. दिवस झाले, पाहुणे पांगले. सुरेखाबाईंचे यजमान सुदर्शन दिवसभर कंपनीत, मुलगा शिवम पुण्याला. डबे पुन्हा सुरू झाले आणि कण्या खारट यायला लागल्या.

सुरुवातीला मी ताक ओतून ढकलल्या. बाई दुःखात आहे, काय बोलायचं? पण पुढे पुढे घास तोंडात धरवेना. होस्टेलचे डबे अर्धे भरलेले परत यायला लागले. तिथली ऑर्डर तनुजा नावाची मुलगी बघते, गोड मुलगी, तिनं बरेच दिवस कळ काढली. शेवटी तिनं फोन केला, "काकू, उद्याही असंच आलं तर आम्हाला दुसरीकडे लावावं लागेल." सुरेखाबाईंनी लगेच येऊन मला हे सांगितलं. त्या घरात सगळं नवऱ्याचं नाहीतर सासूचं. डब्यांचं काम तेवढं त्यांनी स्वतः उभं केलेलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारली आणि त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. फोडणी ठीक, भाज्या ठीक. मीठ घातलं तेही बेतानं, आता हात आखडायचं कारण नव्हतं. कण्या शिजल्या, त्यांनी झाकण काढलं, वाफ वर आली. त्या थबकल्या. रिकाम्या खुर्चीकडे मान वळवली, "व्हय" म्हणाल्या आणि पुन्हा मिठाच्या डब्यात हात घातला.

मी मनगट धरलं. "कुणाला व्हय म्हणालात?"

"आत्याबाईंला. आत्ताच न्हाई का म्हणल्या, कमी हाय म्हणून?"

 भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी उभं करत नाही. पण त्या वाफेत मला मिस्रीचा करपट वास आला. मनाचे खेळ म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा, आला. खुर्चीकडे बघायची माझी छाती झाली नाही.

भीती वाटली की मला राग येतो. "सुरेखाबाई, गेलेल्या माणसाला मिठाचं काय कळतंय? चाखून बघा!"

"निवद दाखवायच्या आधी? उष्टं ठिवू देवापुढं?"

"मग आधी दाखवा आणि नंतर चाखा. अडलंय कुठं?"

 त्या हळूच म्हणाल्या, "ताई, ते मला बी कळतंय. मी काय येडी नाय. पण माझं मीच चाखून बघितलं, तर त्यांला इचारायचं काय राहिलं? मग त्या कशाला येतील?"

मी त्यांचं मनगट सोडलं. तेवढ्यात तनुजाचा फोन आला, डबे निघाले का म्हणून. "निघतेत बाळा," सुरेखाबाई म्हणाल्या. फोन ठेवला, वाटीत कण्या काढल्या, देव्हाऱ्यापुढे ठेवल्या, पाणी फिरवलं. परत येऊन चमचाभर कण्या तळहातावर घेतल्या, डोळे मिटले आणि तोंडात टाकल्या. थोड्या मलाही दिल्या. मीठ अगदी जिथल्या तिथं होतं.

तरी त्या हलल्या नाहीत. मिठाच्या डब्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.  फ्रिज घरघरत होता, खाली भंगारवाला ओरडत गेला. करपट वास कुठेच नव्हता. मग त्यांनी डबे भरले.

संध्याकाळी तनुजाचा निरोप आला की डबे चाटूनपुसून रिकामे झाले, ऑर्डर सुरूच राहील. मी मोठ्या उत्साहात समोर गेले. सुरेखाबाई अंधारात ओट्याला टेकून खाली बसल्या होत्या.

"झालं ना काम?" मी म्हणाले. "उगाच घाबरत होता."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझं हसू जागीच विरलं. "तुम्हाला काय ताई, जेवाय मिळालं. मी किती मीठ टाकते, काय चिरते, ह्यांला म्हाईत नाय, शिवमला म्हाईत नाय. आख्ख्या घरात एकच माणूस माझ्या हाताकडं बघत बसायचं. तिला बी आज मीच घालवली."

आणि सासूच्या दिवसांत जिच्या डोळ्यांतून टिपूस गळलं नव्हतं, ती बाई गुडघ्यांत डोकं घालून हमसून हमसून रडायला लागली.