मापाची पँट

सत्यशीलाबाई खोब्रागडे पुरुषांचे कपडे शिवायच्या, पण पुरुषाच्या अंगाला टेप लावायच्या नाहीत. मूल गावाकडच्या आमच्या धरणाच्या वसाहतीसमोर त्यांचं टिनाचं दुकान होतं. आत एक मशीन, भिंतीवर बुद्धाची तसबीर, दोरीवर लटकणारी ब्लाउजं. नवरा माजरीच्या खाणीत कामाला होता. तो वारल्यावर बाई मशीन घेऊन माहेरी आल्या. तरुण विधवा, रस्त्यावरचं दुकान, आणि समोरच्या पानठेल्यावर दिवसभर बसणाऱ्यांना दुसरा उद्योग नाही. म्हणून बाईंनी नियमच केला होता, की बाप्या माणसाने मापाचा कपडा आणायचा. जुनी पँट ठेवा, तिच्यावरून नवी घेऊन जा.

मी वसाहतीच्या शाळेत मास्तर होतो. माझी मापाची पँट लग्नाआधीची होती, त्यामुळे नवी पँटही लग्नाआधीच्या माणसाला बेतलेली यायची. तक्रार केली की बाई म्हणायच्या, "गुरुजी, पँट बरोबर हाये, पोट चुकलं तुमचं." 

चौऱ्याऐंशी साली पावसाळ्यात जंगलातून सागाचे ओंडके आणि बांबू वाहून आले आणि धरणाच्या दरवाजांत फसले. ते काढायला दिवाळीनंतर मुंबईहून पाणबुड्यांची टोळी आली. ती आपलं सामान धरणाला देऊन जाणार होती आणि तिच्या साहेबांनी इथलाच एखादा पोरगा तयार करायचा होता. त्याला धरणावर कायमची नोकरी मिळणार होती. साहेबांनी निवडला बुधू. ढीवरवस्तीतला, बाप-आजा मासे धरणारे, तळाचा प्रत्येक दगड पायाने ओळखणारा. पाठीवर हवेची टाकी बांधून खाली कसं राहायचं, ते तो महिनाभरात शिकला. अडचण एकच राहिली. सूट त्याच्या मापाचा नव्हता.

हा सूट म्हणजे काळ्या रबरी स्पंजचा, भाकरीएवढा जाड. अंगाला चिकटून बसला तर थंडी वाजत नाही, सैल राहिला तर आत पाणी खेळतं. तो कोणा आडव्या अंगाच्या माणसासाठी केलेला होता. बुधूचे पाय बगळ्यासारखे. घोट्याशी सूट नुसता लोंबायचा. साहेब म्हणाले, शिंप्याकडून घट्ट करून आण. आणि शिंपी म्हणजे सत्यशीलाबाई.

बुधू दुकानात आला, स्टुलावर बसला आणि त्याने पाय पुढे केला. "बाई, घोट्यापाशी मोजून घ्या."

पानठेल्यावरच्या माना वळल्या. बाई एक पाऊल मागे सरकल्या. "मापाची पँट आण."

"पँटवरून कसं जमन, बाई? याच्याखाली रबरी बूट राह्यते. बुटावरून सूट ओढा लागते. मंग त्याच्यावर ते बदकावानी पंजे."

"मंग बूट आण."

"ते स्टोअरात हायेत. साहेब चंद्रपूरले गेले, परवा भेटन."

लग्नसराई होती. बाईंच्या डोक्यावर ब्लाउजांचा ढीग होता. त्या म्हणाल्या, "रबर हाये ते, ताणन. बूट का हत्तीचा हाये? पँट आण तू."

बुधूने पँट आणली. तिच्यावरून बाईंनी घोट्याचं माप अंदाजाने धरलं. बाईंनी जाळ्याचा नायलॉन दोरा घेतला, मोठी सुई घेतली आणि सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावून शिवण पक्की केली. पाणी शिरेना असं काम. स्वतःच्या हातावर खूश होऊन त्यांनी ते मलाही दाखवलं. मीही मान डोलावली. मला त्यातलं काय कळत होतं?

नोकरीआधी बुधूने साहेबांसमोर एक फसलेला ओंडका काढून दाखवायचा होता. त्या परीक्षेच्या दिवशी पाळीवर जत्रा भरली होती. धरणाच्या बांधाला आम्ही पाळ म्हणतो. बुधूने बूट घातले आणि वरून सूट ओढायला लागला. घोट्याशी तो येईना. त्याने पाय आपटला, दात-ओठ खाल्ले, शेवटी कसाबसा ओढला. त्यावर पंजे चढवून मागचे पट्टे आवळले. बाई माझ्याशेजारी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला, तो मला उन्हाने उतरल्यासारखा वाटला.

बुधू खाली गेला आणि फसलेल्या ओंडक्याला दोर बांधायच्या आतच वर आला. एक पंजा पायात नव्हता. बुधू शिडीला लटकला होता, पण सुन्न पाय पायरीवर टेकेना. दोघांनी ओढून काढला. साहेबांनी विचारलं, काय झालं? बुधूने साहेबांकडे पाहिलं, मग गर्दीत कोणाला तरी शोधल्यासारखं केलं आणि म्हणाला, "भेव वाटला, साहेब."

लोक हसले. ढीवराचा पोरगा पाण्याला भ्याला, यापरीस मोठी गंमत कोणती! त्याचा बाप तोंडावर धोतराचा सोगा घेऊन पाळ उतरून गेला. सोमवारी नागपूरहून दुसरा माणूस बोलावतो, असं साहेब म्हणाले.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. बाईंना कोणी एका शब्दाने विचारलं नाही, तरी कोणी दुकानासमोर थांबलं की त्या मान खाली घालून मशीन जोरात फिरवायच्या. खरं सांगावं तर धरणावरच्या लोकांच्या वर्दीचं काम नुकतंच त्यांना मिळालेलं. ते गेलं तर मशीनवर पुन्हा फक्त ब्लाउजं. न सांगावं तर रस्त्यावरची पोरं बुधूला पाहून बेडकासारख्या उड्या मारतात, ते दुकानातून दिसायचं. माणूस स्वतःला समजावतो, तशी बाईंनी स्वतःची समजूत घातली. भ्याला असेल खरंच. तोच तर म्हणाला.

मग सूट पुन्हा दुकानात आला. साहेबांच्या शिपायाने आणून टाकला. "बुधूनं रागानं फाडला घोट्यापाशी. नवीन माणसासाठी सुधरून द्या."

शिपाई गेल्यावर बाईंनी सूट मांडीवर घेतला. रबर कुठेच फाटलं नव्हतं. शिवण उसवलेली होती. एकेक टाका पात्याच्या टोकाने उचलून तोडलेला, दोऱ्याचे तुकडेसुद्धा वेचून काढलेले. रागावलेल्या माणसाला इतका वेळ नसतो. आता कोणीही सूट घालून पाहिला असता, तरी तो कुठे आवळत होता हे कळलं नसतं. भित्रा तर भित्रा आणि वर साहेबांचा सूट फाडणारा. दोन्ही नावं पोराने आपल्या अंगावर घेतली होती. बाई तशाच बसून राहिल्या. त्या दिवशी त्यांनी माझी पँट तर नाहीच, कोणाचं काहीच शिवलं नाही. मला नंतर म्हणाल्या, "गुरुजी, मले माह्या हाताची किळस आली."

तशाच उठून त्या साहेबांकडे गेल्या आणि सगळं सांगितलं. "मी बूट आणायले लावले नाई. मी पाय मोजला नाई. तो पाण्याले नाई भेला, मी लोकाले भेली." साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग स्टोअर उघडून त्यांनी बूट आणि पंजे बाईंच्या पुढ्यात ठेवले. "सोमवारच्या आत बुधूच्या पायाला बरोबर करा."

ढीवरवस्तीची वाट पानठेल्यावरूनच जाते. भरदुपारी बाई डोक्यावर सूट आणि हातात ते बूट-पंजे घेऊन निघाल्या, तेव्हा ठेल्यावरचे चारपाच जण मागे मागे आले. मी त्यांना हाकलायला म्हणून गेलो. खरं सांगायचं तर पाहायलाच गेलो. बुधू अंगणात जाळं सांधत बसला होता.

बाई म्हणाल्या, "बूट घाल. पंजेबी घाल. सगळं एका डावात पायतो."

"बाई, लोक हायेत."

"राहू दे."

त्या मातीत बसल्या आणि त्यांनी बुधूचा पाय मांडीवर घेतला. बूट चढवण्याआधी त्यांचा हात थांबला. घोट्याभोवती काळानिळा वळ होता, सरळ, एकसारखा, बाईंची शिवण असायची तसा. आपलंच काम बाई बुधूच्या कातड्यावर पाहत होत्या.

"काऊन नाई सांगतलं रे?"

बुधूने जाळ्यातून नजर काढली नाही. "माहं काम त गेलंच होतं. तुमचंबी घालवू का?"

बाई रडल्या नाहीत. त्यांनी बूट घातला, पंजा चढवला, पट्टा लावला, पायाची बोटं हलवून दाखव म्हणाल्या, उभा राह म्हणाल्या, गुडघा वाकव म्हणाल्या. मग बुटावरून टेप फिरवला. ठेल्यावरचे लोक एकेक करून परत फिरले. त्यांना बोलण्यासारखं त्यात काही सापडलं नसावं.

सोमवारी बुधूने ओंडका काढला आणि नोकरी त्याला लागली. वर्दीचं कामही बाईंकडेच राहिलं, पण मापाचा कपडा त्यांनी पुन्हा कोणाकडून घेतला नाही. माझ्या पोटाचं खरं माप त्यानंतर गावाला कळलं.

बुधू पाण्यात उतरणार असला की बाई मशीन झाकून पाळीवर जायच्या. एवढ्या वर्षांत त्या एकदाही चुकल्या नाहीत. वळ केव्हाच गेला, असं तो त्यांना हसत सांगायचा. बाईंचा त्यावर विश्वास बसायचा नाही. म्हणून वर आल्यावर तोंडावरची काच काढायच्याही आधी तो पाण्यावर उताणा पडायचा आणि दोन्ही पाय वर करून पंजे हलवून दाखवायचा. ते पाहून मगच बाई दुकान उघडायला जायच्या.