उखर्डू मिस्तरींचं स्वतःचं अंगण

उखर्डू मिस्तरींनी आयुष्यभर लोकांची अंगणं केली. भडगावच्या डॉक्टरांचं, धुळ्यात देवपुरातल्या दोन मास्तरांचं, आणि जळगावात तर किती, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. कोबा म्हणा, शहाबादी फरशी म्हणा, हल्लीचे पेव्हर ब्लॉक म्हणा, माणसाचा हात बसलेला. काम संपलं की तांब्याभर पाणी ओतायचे आणि ते नीट गेटकडे निघालं की मगच मालकाचा चहा घ्यायचे. स्वतः मात्र बत्तीस वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले. दार उघडलं की पायरी, पायरी संपली की गटार. अंगणाचा प्रश्नच नाही.

नावाचंही सांगून टाकू, नाहीतर तुम्ही त्यातच अडकाल. आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईने याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवलं आणि नाव ठेवलं उखर्डू. असल्या नावाच्या पोराकडे काळ ढुंकून बघत नाही, अशी समजूत. पोर जगलं, मिस्तरी झालं, सहासष्ट वर्षांचं झालं. आता सगळे त्यांना नाना म्हणतात.

तर नानांच्या मुलाने, समाधानने, जळगावच्या पिंप्राळ्यात घर बांधलं. रंग लागला, वास्तुशांत झाली, नाना आणि त्यांची बायको बेबाबाई राहायला आले. राहिलं होतं ते फक्त पुढचं आवार. समाधानने गाडी बुक केली होती, ती पाडव्याला यायची होती. त्याचा हिशेब सरळ होता. सगळीकडे ब्लॉक, गेटपाशी गाडी चढायला उतार, विषय संपला.

"नाना, तुमच्याच हातचं होऊ द्या," तो कौतुकाने म्हणाला.

"चाकांपुरतं करून देतो," नाना म्हणाले. "बाकीची माती राहील."

समाधानला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण नाना थट्टेतले नव्हतेच. दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन उतरले. पिंप्राळ्याची काळी माती, पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, तिच्यावर थेट काही टाकलं की वर्षात उखडलंच म्हणून समजा. त्यांनी चाकांच्या रेषेत दोन चर खणले, काळी माती उपसली, मुरूम भरला, पाणी मारलं आणि धुम्मस घेऊन ठोकत बसले. वर काँक्रीटच्या दोन पट्ट्या ओतल्या, चाकं घसरू नयेत म्हणून त्यांच्यावर आडव्या रेघा ओढल्या. काम असं की बघत राहावं. पण पट्ट्यांच्या मधे माती, बाजूला माती, आणि उजव्या कोपऱ्यात तर बारा बाय दहाचा अख्खा चौकोन मोकळा.

"पावसाळ्यात चिखल घरात येईल, नाना," सून सारिका हळूच म्हणाली. तिचंही खोटं नव्हतं.

"कॉलनीत एक घर दाखवा मातीचं," समाधान वैतागला. "लोक काय म्हणतील?"

"लोकांची अंगणं मी केलीत, लोकांचं मला नको सांगू," नाना म्हणाले. "हे तुझ्या मायसाठी चाललंय. बत्तीस वर्षं तिने बिबडे-पापड दुसऱ्यांच्या गच्चीवर वाळवलेत. आता तिला तिचं अंगण मिळेल."

आणि हे ते अगदी मनापासून बोलत होते हो. नानांच्या डोक्यात एक अंगण कायमचं मुक्कामाला होतं. गिरणेकाठचं, त्यांच्या गावातल्या घरासमोरचं. बेबाबाई सतरा वर्षांची लग्न होऊन आली ती त्या अंगणात. उजाडताना खराट्याचा आवाज यायचा, मग सडा पडायचा, मग शेणकाल्याचा वास दारातून आत शिरायचा. नाना खाटेवर पडल्या पडल्या बघायचे. तिचा हात अर्धगोल फिरायचा, बांगड्या वाजायच्या, एकाला एक लागून वळणं उमटत जायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच अंगणात चूल पेटायची, पालथ्या खापरावर मांडे पडायचे, आणि साऱ्या गल्लीतल्या बाया तिथे जमायच्या. बारा वर्षं ते सुख भोगलं आणि मग पोटासाठी गाव सोडलं. लोकांच्या फरश्या बसवताना कित्येकदा त्यांना तो वास आठवायचा. एकदा तरी तिला तसं अंगण करून द्यायचं, एवढी एकच हौस त्या माणसाने उरी बाळगली होती.

बाप-लेकाचं बोलणं बंद झालं. पाडवा दहा दिवसांवर आला. शेवटी एका दुपारी जेवताना समाधान म्हणाला, "जाऊ द्या, आईलाच विचारू."

"त्यात विचारायचं काय?" नाना म्हणाले.

बेबाबाई वरण वाढत होत्या. त्यांनी पातेलं खाली ठेवलं.

"आंगन कोन सारवी?" त्यांनी विचारलं.

नाना 'तू' म्हणायला गेले आणि घास तोंडातच राहिला.

बेबाबाईंचा आवाज चढला नाही. त्या शांतपणे सांगत गेल्या. समाधानच्या वेळी नववा महिना होता तेव्हाही सारवलं. अंगात ताप होता तेव्हाही. माझी माय गेल्याचा निरोप आला, एसटीला वेळ होता, तर सासूबाई म्हणाल्या तेवढं सारवून जा, तेव्हाही सारवलं. थंडीत बोटं फुटायची, त्यांत शेण जायचं.

"तुम्हले तो वास याद शे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "माले मना गुडघा याद शेतस."

सारिकाने उगाच पाण्याचे पेले भरले.

दोन दिवस नानांनी कुदळीला हात लावला नाही. जिला सुख द्यायला निघालो तिला तिचंच जुनं ओझं परत देत होतो, हे त्यांना जाळत होतं. आणि सगळ्यात जास्त जाळत होतं ते हे, की त्या बारा वर्षांत आपण खाटेवर होतो. तिसऱ्या दिवशी ते बायकोजवळ येऊन बसले आणि चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा विचारलं, "काय जोयजे तुले?"

बेबाबाईंनी आधी हातातलं काम बाजूला ठेवलं. असं कोणी विचारेल याची त्यांना सवयच नव्हती. मग म्हणाल्या, बसायला उंच ओटा करा, उठताना गुडघ्यांवर भार नको. ओट्याजवळ नळ. खापराची चूल उभ्याने मांडे करता येतील एवढी उंच बांधा. बाकी समाधान म्हणतो ते ब्लॉक टाका.

"आणि माती?" नानांनी भीतभीत विचारलं.

"कोपऱ्यातली राहू द्या," त्या म्हणाल्या. "आंगन माले बी आवडस. पन मी सारवाव नही."

नानांनी पाच दिवसांत सगळं केलं. समाधानने सुट्टी काढून ब्लॉक उचलून दिले; बोलणं आपोआप सुरू झालं. पाडव्याच्या आदल्या सकाळी नानांनी गावठाणातल्या गोठ्यातून शेण आणलं, बादलीत कालवलं, धोतर खोचलं आणि कोपऱ्यातल्या मातीवर उकिडवे बसले.

बेबाबाई ओट्यावर बसून बघत होत्या. पहिल्याच हाताला त्यांना हसू फुटलं. शहराला अंगणं घालून देणाऱ्या मिस्तरीने शेणाची गोवरीच थापली होती. "पातळ करा. मनगट फिरवा, बोटं नका रोवू," त्या सांगू लागल्या. नाना मुकाट्याने ऐकत सरकत होते. चौथा हिस्सा झाला तोवर कंबर धरली, अर्ध्यावर गुडघे बोलायला लागले. बारा बाय दहा. गावचं अंगण याच्या चौपट होतं.

ते थांबले. शेणाचे हात तसेच अधांतरी धरून त्यांनी वर पाहिलं. डोळे भरून आले होते आणि पुसता येत नव्हते.

"बेबा, मी कधी इचारंच नही तुले."

बेबाबाईंनी पदराने आधी स्वतःचे डोळे टिपले. मग ओट्यावरून वाकून नवऱ्याचे टिपले.

"थांबू नका आता," त्या म्हणाल्या. "वाळनं का सांधा दिसी जाई."