खिडकीवाले काका

बदलापूरच्या आमच्या वाचनालयात हरिचंद्रकाका रोज अकराला येत, पेपर वाचत आणि पुस्तकांच्या कपाटांकडे टक लावून बसत. फाटकातून आत, कपाटांपाशी मात्र जात नसत. मी इथे सोळा वर्षं पुस्तकं देते-घेते, आणि मला चौकशा करायची खोड आहे. आठवडाभर गप्प राहिले, हाच माझा विक्रम.

"काका, सभासद आहात ना? मग पुस्तक का नेत नाही?"

"नाव माहीत नाय."

"कशाचं?"

"पुस्तकाचं. नावच नाय तर मागनार काय?"

हळूहळू सगळं कळलं. काका जवळच्याच खरवई गावचे. अंबरनाथच्या एका कारखान्यात तीस वर्षं हत्यारांच्या स्टोअरच्या खिडकीवर होते. कामगाराने खिडकीशी यायचं, हत्याराचं नाव सांगायचं, आपला बिल्ला ठेवायचा आणि हत्यार न्यायचं. आत पाऊल टाकायची कुणाला मुभा नव्हती. ज्याला नाव येत नसे, त्याला काका चारचौघांत झाडत. हजारभर हत्यारं त्यांना तोंडपाठ होती. आता त्यांची बायको भिमाबाई गुडघ्यांमुळे घरीच असे. गॅलरीत येणाऱ्या एका पक्ष्याकडे बोट दाखवून ती रोज विचारी, "यो कोन?" आणि काकांना उत्तर देता येत नसे. झोप उडाली होती माणसाची. मला हसूही आलं आणि कीवही आली.

"कसा दिसतो?" मी विचारलं.

"कालापांढरा. शेपटी अशी..." त्यांनी हवेत बोट वरखाली केलं आणि मध्येच थांबले.

"काय झालं?"

"करिष्मा नावाची नवीन पोर होती कारखान्यात. तिला हत्याराचं नाव येईना. तिनं पन असंच बोटांनी करून दाखवलं. सगळी लाइन हसली. मी तिला परत धाडली. पुन्हा खिडकीवर आलीच नाय."

मला संतापच आला. असल्या खिडक्यांपुढे मीही उभी राहिलेय. पण काकांची मान खाली गेली होती. मी कपाटांकडे जाणारं लाकडी फाटक उघडलं.

"इथे नाव लागत नाही. आत या, हात लावा, शोधा."

काका चपला काढून आत गेले, हात पाठीमागे बांधून. पक्ष्यांची पुस्तकं कुठे आहेत, तेवढंच मी सांगितलं. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. माझंच कामात लक्ष लागेना. मग कपाटामागून आवाज आला, "सापडला! धोबी! धोबी हाय तो!"

वाचनालयात ओरडू नये, हे मी काही त्यांना सांगितलं नाही.

पुस्तक काखेत मारून काका लगबगीने निघाले. घरी कधी पोचतो, असं त्यांना झालं होतं. पण पायरीवरून परत आले.

"मॅडम, त्या पोरीला जाडी मोजायचा कॅलिपर पायजे होता."

"नंतर कळलं का तुम्हाला?"

"नाय. तिची बोटं बघितली तेव्हाच कळलं होतं."